संतशिरोमणी श्रीरोहिदास आणि आपल्या हातचे कातडे

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी संतशिरोमणी श्रीरोहिदास महाराजांचे अल्प चरित्र लिहून द्यावे, अशी चिटणीस महाशयांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळांत आम्ही आयुष्य घालविले व आता साठी उलटल्यावर घरी बसलो आहो. तथापि ज्या घरात रापी आणि आरी यांच्या आवाजाने आमची पहाट झाली, त्या घराचे ऋण अंशतः तरी फिटावे, या हेतूने ही सेवा समाजबांधवांच्या चरणी सादर करीत आहो. चुकले असेल ते वाचकांनी उदार अंतःकरणाने पदरात घ्यावे.

श्रीरोहिदासांचा काळ म्हणजे इसवी सनाचे पंधरावे शतक व सोळाव्याचा आरंभ. उत्तर हिंदुस्थानात त्यांना रैदास किंवा रविदास म्हणतात; आपल्या महाराष्ट्रात रोहिदास हेच नाव घरोघरी रूढ आहे. त्यांची जन्मभूमी व कर्मभूमी काशी. काशीच्या दक्षिणेस सीर गोवर्धनपूर येथे आज त्यांचे भव्य मंदिर उभे असून माघी पौर्णिमेस, म्हणजे त्यांच्या जयंतीस, पंजाबपासून परदेशापर्यंतचे लक्षावधी भक्त तेथे लोटतात. त्या काळी काशीचा मुलूख प्रथम जौनपूरच्या शर्की सुलतानांकडे व सन १४७९ नंतर दिल्लीच्या लोदी घराण्याकडे होता. वर राज्य कोणाचेही असो, गावकुसाबाहेर राहून मेलेली जनावरे ओढणाऱ्याच्या व कातडे कमावणाऱ्याच्या दैवात काही पालट होत नव्हता. अशा घरात हा महापुरुष जन्मला.

बालपणापासून त्यांचा ओढा भगवद्भजनाकडे होता. वडिलांनी धंदा शिकविला आणि तो त्यांनी मन लावून शिकला. परंतु दारी आलेल्या साधूच्या पायांत वहाण नसली, म्हणजे आपल्या हातची नवी जोडी त्याला विनामूल्य घालून पाठवावी, असा त्यांचा परिपाठ पडला. घरधन्याला हे परवडावे कसे? अखेरीस वडिलांनी वाटणीचा पैसा न देता त्यांना वेगळे काढले. घरामागील मोकळ्या जागेत झोपडी घालून रोहिदास आपल्या पत्नीसह राहू लागले. दिवसा जोडे शिवावे, त्यात मिळेल त्यावर निर्वाह करावा आणि हात कामात असता मुखाने नाम घ्यावे, असा त्यांचा क्रम होता. परंपरेने त्यांना स्वामी रामानंदांच्या बारा शिष्यांत गणिले आहे. त्या मालिकेत कबीर विणकर, सेना न्हावी, धन्ना शेतकरी आणि पीपा राजा आहे. निरनिराळ्या व्यवसायांची माणसे एका पंगतीस बसविणारी ही मालिका तोंडपाठ करावी, असे आम्ही मुलांना नेहमी सांगत असू.

त्यांच्या गरिबीची कसोटी पाहणारी परिसाची कथा प्रसिद्ध आहे. एक साधू त्यांच्या झोपडीत आला व त्याने परीस देऊ केला. कातडे कापण्याच्या रापीस तो लावून तिचे सोने करूनही दाखविले. रोहिदासांनी तो हाती धरला नाही. साधूने आग्रहाने तो झोपडीच्या छपरात खोवून ठेविला आणि तो निघून गेला. तेरा महिन्यांनी परत येऊन पाहतो तो परीस जेथल्या तेथे व रोहिदास आपल्या कामात! ही कथा ऐकताना लोक सोन्याकडे पाहतात. आम्हांस रापीची आठवण येते. सोन्याच्या रापीने कातडे कापले जात नाही. ज्याला काम करावयाचे आहे त्याला पोलादाचीच रापी हवी. रोहिदासांना काम करावयाचे होते.

दुसरी कथा गंगेच्या कंकणाची. गंगास्नानास निघालेल्या एका ब्राह्मणाजवळ रोहिदासांनी सुपारी दिली व ती गंगामाईस अर्पण करण्यास विनविले. ब्राह्मणाने ती अर्पिताच पाण्यातून हात वर आला, सुपारी घेऊन गेला व बदली रत्नजडित कंकण देऊन गेला. ते कंकण राजाच्या दृष्टीस पडले. त्याने जोडीचे दुसरे मागितले. भयभीत ब्राह्मण रोहिदासांकडे धावत आला. तेव्हा रोहिदासांनी आसनावरून न उठता, कातडे भिजत घातलेल्या आपल्या लाकडी कठौतीतच हात घातला आणि दुसरे कंकण काढून दिले. मन निर्मळ असेल तर गंगा घरच्या पात्रातच आहे, हा त्या कथेचा भाव आहे. उत्तरेतील ती कठौती म्हणजे आपल्याकडील कुंडी होय. ज्या कुंडीच्या पाण्याला स्पर्श झाला म्हणून लोक अंगावरचे वस्त्र भिजवीत, त्याच पाण्यात लोककथेने गंगा आणून बसविली. याहून मोठा सन्मान आपल्या उद्योगाचा कोणी केला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

येथे त्या कुंडीविषयी व आपल्या जिल्ह्यातील उद्योगाविषयी चार शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. कारण हे ज्ञान आता झपाट्याने लोपत आहे.

कातडे दोन प्रकारचे. बाभळीची साल, हिरडा इत्यादींच्या पाण्यात मुरवून कमाविलेले ते पक्के. त्याचे जोडे, वहाणा व मोटा होत. दुसरे कच्चे. ते सालीच्या पाण्यात मुळीच घालीत नाहीत. आमचे तीर्थरूप वडील या कच्च्या कातड्याच्या कामात वाकबगार होते. चाबकाच्या दांडीला मूठ, हातकाठीला खालची टोपी व वरची पकड, आणि छत्रीच्या तडकलेल्या दांड्याला वेष्टण, अशी बारीक कामे त्यांच्याकडे येत. बुलढाणा जिल्हा कपाशीचा. खामगाव, मलकापूर, नांदुरा या बाजारांकडे हंगामात बैलगाड्यांची रीघ लागे. गाडीवान म्हटला की चाबूक आला. आणि पोळ्याच्या आधी तर नवे चाबूक, नव्या वाद्या, नवे गोंडे यांची अशी मागणी असे की आमच्या घरी मध्यरात्रीपर्यंत कंदील जळे.

त्या कामाची रीत अशी. कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सैल करावे, रापीने दोन्ही अंगे खरवडून स्वच्छ करावी आणि चुन्याचा अंश निघून जाईपर्यंत पुनःपुन्हा पाणी बदलून धुवावे. मुठीसाठी बकऱ्याचे किंवा वासराचे पातळ कातडे बरे. चाबकाच्या वादीसाठी म्हशीचे जाड. लांब वादी हवी असल्यास लांब कातड्याची गरज नसते. वाटोळा तुकडा घेऊन त्याच्या कडेकडेने रापी फिरवीत मध्यापर्यंत जावे, म्हणजे हातभर तुकड्यातून कित्येक हात लांब अखंड वादी निघते. कातडे ओले असतानाच ते दांडीवर ताणून बसवावे, कडेला कड भिडवून आरीने छिद्रे पाडावी, वादीने शिवून टोक आतल्या अंगाला लपवावे. मग ते सावलीत सुकू द्यावे. उन्हात किंवा विस्तवाजवळ सुकविले तर ते वाकडे होते व तडकते. सावलीत हळूहळू सुकताना ते आकसते आणि लाकडाला असे मिठी मारते की खिळा नको, सरस नको. बोटाने वाजविले तर शिंगासारखा आवाज येतो.

यात दोन पथ्ये आहेत. दांडीचे लाकूड पूर्ण वाळलेले असावे; ओले असल्यास ते मागाहून आटते आणि वरचे कातडे खुळखुळे होते. दुसरे असे की, कच्च्या कातड्याचा शत्रू पाणी. पावसात भिजले की ते पुन्हा मऊ पडते. म्हणून छत्रीच्या मुठीवर लाखेचा किंवा तेलाचा हात फिरविल्याशिवाय वडील ती गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. रोहिदासांची कीर्ती वाढली, तशी ती काशीच्या पंडितांस सलू लागली. चर्मकाराने शाळिग्रामाची पूजा करावी, हा त्यांस अनाचार वाटला. गाऱ्हाणे राजाकडे गेले. मूर्ती मध्ये ठेवून दोन्ही पक्षांनी तिला आवाहन करावे, असे ठरले. पंडितांनी वेदपठण केले. मूर्ती हालली नाही. रोहिदासांनी सद्गदित होऊन पद गाइले आणि देव त्यांच्या अंकावर येऊन बसला, अशी कथा भक्तचरित्रांत आहे. आपल्याकडील कीर्तनकार त्यात आणखी भर घालून सांगतात की, कातड्याचा विटाळ मानणाऱ्यांना रोहिदासांनी मृदंगाकडे बोट दाखविले. कारण देवापुढे वाजणारा मृदंग कातड्याचाच, आणि तो ऐकणाऱ्याचा देहही कातड्यानेच मढविलेला. महीपतींनी सन १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात रोहिदासांची कथा मराठीत आणिली व तेव्हापासून ती वऱ्हाडातल्या पारापारावर वाचली जाऊ लागली.

परंतु एका कथेविषयी आम्हांस स्पष्ट लिहिले पाहिजे. सन १७१२ च्या सुमारास प्रियादासांनी भक्तमाळेवर जी टीका लिहिली, तीत रोहिदास पूर्वजन्मी ब्राह्मण होते, गुरूच्या शापाने ते चर्मकाराच्या घरी आले, अशी हकीकत आहे. पुढे त्यांनी आपली त्वचा चिरून आतील सोन्याचे जानवे दाखविले, असेही सांगतात. आपल्याच समाजातील कित्येक वृद्ध ही कथा अभिमानाने सांगतात. बंधूंनो, हा अभिमान नव्हे. याचा अर्थ इतकाच होतो की, चर्मकार हा चर्मकार म्हणून संत होऊच शकत नाही. त्याच्या कातडीखाली दुसरे कोणी तरी असले पाहिजे! रोहिदासांची स्वतःची वाणी या कथेच्या नेमकी विरुद्ध आहे. त्यांनी आपल्या पदांत आपल्या जातीचे नाव वारंवार, न लाजता घेतले आहे. आपले कुळबंधू अजूनही काशीच्या आसपास मेलेली जनावरे ओढतात, आणि त्याच कुळातील आपल्यापुढे आता थोर थोर विप्र नमस्कार करितात, असे ते सांगतात. ज्याने जन्म लपविला नाही, त्याचा जन्म आपण कशाला लपवावा?

ही वाणी प्रमाण मानण्यास बळकट आधार आहे. गुरू अर्जुनदेवांनी सन १६०४ मध्ये शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला; त्यात रोहिदासांची चाळीस पदे समाविष्ट केली आहेत. त्याच ग्रंथात आपल्या नामदेव महाराजांची एकसष्ट पदे आहेत. रोहिदासांनी आपल्या एका पदात तरून गेलेल्या भक्तांची नावे घेताना कबीर, त्रिलोचन, सदना व सेना यांच्याबरोबर नामदेवांचेही नाव घेतले आहे. पंढरीच्या शिंप्याचे नाव काशीच्या चर्मकाराच्या मुखी होते, हे वाचून आम्हांस परमानंद झाला. त्या नामदेवांचे सहवासी संत चोखामेळा आपल्या जिल्ह्यातल्या मेहुणा राजा येथले, अशी आपल्याकडील श्रद्धा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सन १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. तमिळ देश, काशी आणि आपले देऊळगाव राजाचे शिवार अशी ही तीन टोके त्या अर्पणपत्रिकेत एकत्र आली आहेत.

रोहिदासांचे सर्वांत थोर पद ते, ज्यात त्यांनी बेगमपुरा नावाच्या नगरीचे वर्णन केले आहे. गम म्हणजे दुःख. जेथे दुःख नाही ती बेगमपुरा. तेथे मालावर कर नाही, जप्तीची धास्ती नाही, कोणी दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रतीचा नागरिक नाही. ज्याला जेथे फिरावयाचे तेथे तो फिरतो, कोणी अडवीत नाही. अशा नगरीचा जो रहिवासी तो माझा मित्र, असे सांगून रोहिदास पद संपवितात. ज्याला गावात कोठे उभे राहावे व कोठे राहू नये हे दुसरे ठरवीत, अशा माणसाने हे स्वप्न पाहिले. पाचशे वर्षे होऊन गेली. भारताच्या राज्यघटनेने सन १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट केल्याचे घोषित केले, तेव्हा त्या नगरीचा रस्ता प्रथमच सरकारी कागदावर आखला गेला, असे म्हणता येईल.

त्यांच्या शिष्यवर्गात चितोडच्या झाली राणीचे नाव जुन्या चरित्रांत येते. संत मीराबाईंच्या नावावरील पदांतही रैदासांचा गुरू म्हणून उल्लेख आढळतो. चितोडगडावर मीरेच्या मंदिरासमोर एक लहानशी दगडी छत्री आहे व तीत कोरलेली पावले रोहिदासांची म्हणून पूजिली जातात. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पावलांसाठी वहाणा शिवल्या, त्यांच्या पावलांवर राजपुतांच्या गडात छत्री उभी राहावी, ही घटना विचार करण्याजोगी आहे. वृद्धापकाळी काशीतच त्यांनी देह ठेविला, अशी परंपरा आहे. अखेरपर्यंत त्यांनी आपले काम सोडले नाही. राणी शिष्या झाली म्हणून ते महालात जाऊन बसले नाहीत.

आता छत्रीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट कबूल करितो. इतके दिवस ती मनात ठेविली होती. पण संताचे चरित्र लिहिताना आपले उणे झाकावे, हे योग्य वाटत नाही. सन १९७९ मध्ये आम्हांस शिक्षकाची नोकरी लागली. मास्तर म्हणजे हाती छत्री हवीच, म्हणून तीर्थरूपांनी बाजारातून एक जुनी काळी छत्री आणिली. तिचा वेताचा दांडा मुठीपाशी तडकला होता. बकऱ्याच्या कच्च्या कातड्याने त्यांनी ती मूठ अशी मढविली की शिवण शोधूनही सापडू नये. वर लाखेचा हात दिला आणि आम्ही निघताना ती आमच्या हाती ठेविली. ते बोलले काही नाहीत. शाळेत एका सहकाऱ्याने ती मूठ न्याहाळली, वाखाणली व हे काम कोणाचे म्हणून विचारिले. आम्ही खामगावच्या दुकानात विकत घेतली, असे सांगितले. तो खोटा शब्द तोंडातून निघण्यास क्षणही लागला नाही. गावात भाड्याची खोली मिळेल की नाही, पाणी कोठे भरू देतील, ही धास्ती मनात होती हे खरे. पण धास्तीने खोट्याचे खरे होत नाही.

पुढे काही वर्षांनी जयंतीच्या दिवशी आपल्या वस्तीत आम्हांस व्याख्यान देण्यास उभे केले. रोहिदासांनी आपली जात व आपला धंदा कधी लपविला नाही, असे आम्ही मोठ्या आवेशाने सांगत होतो. समोर पहिल्याच रांगेत वडील बसले होते. चुन्याने बोटांच्या कडा कायमच्या फाटलेले ते दोन हात त्यांनी मांडीवर ठेविले होते आणि मुलगा काय बोलतो ते ते कौतुकाने ऐकत होते. आमचा शब्द तेथेच अडखळला. त्या रात्री आम्ही त्यांना छत्रीची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मूठ ढिली तर झाली नाही ना, एवढेच त्यांनी विचारिले. ती झाली नव्हती. आजही झालेली नाही. छत्रीचे कापड तीनदा बदलले, काड्या बदलल्या. मूठ तीच आहे. वडील मात्र आता नाहीत.

हे सर्व लिहिण्याचा हेतू काय, असे कोणी विचारील. मुलांनी पुन्हा कुंडीपाशी येऊन बसावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मोटांच्या जागी पंप आले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, चाबकाला नायलॉनची दोरी व छत्रीला प्लॅस्टिकची मूठ आली. सन १९७२ च्या दुष्काळात दारी कातडे होते आणि गिऱ्हाईक नव्हते, हे आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. पोट भरत नाही तो धंदा केवळ अभिमानाकरिता कोणी करू नये. आपल्या मुलांनी वैद्य व्हावे, वकील व्हावे, इंजिनिअर व्हावे. महाराष्ट्र सरकारने सन १९७४ मध्ये चर्मोद्योगासाठी जे महामंडळ स्थापिले व ज्यास संत रोहिदासांचे नाव दिले, त्याच्या योजनांची माहिती करून घेऊन ज्यांना हा उद्योग नव्या रीतीने करावयाचा आहे त्यांनी तो अवश्य करावा.

आमचे मागणे एवढेच आहे की, सोडलेल्या धंद्याची लाज बाळगू नये. देव्हारा आणि खेटर यांची सांगड घालून आपल्या जातीची टवाळी करणारी एक म्हण आहे. म्हणींचा धडा शिकविताना ती वगळण्याइतके धैर्य आम्हांस नोकरीच्या उत्तरार्धात आले. ते पूर्वीच यावयास हवे होते. आपल्या वस्तीत अजून ज्यांच्या बोटांत ही विद्या आहे असे चार-दोन वृद्ध शिल्लक असतील. येत्या वर्षभरात तरुणांनी त्यांच्यापाशी बसावे. कातडे कसे भिजवावे, वादी कशी काढावी, शिवण कशी लपवावी, हे वहीत उतरून घ्यावे आणि जुनी अवजारे भंगारात न घालता समाजमंदिरात जपून ठेवावी. श्रीरोहिदासांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. त्या तसबिरीत त्यांच्या हाती रापी आणि समोर कुंडी आहे, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे आहे.

कच्चे कातडे ओले असते तेव्हा कसेही वळते; एकदा योग्य जागी बसून सुकले की मग सुटत नाही. आपल्या मुलांची मने आज ओली आहेत. त्यांवर लाज बसवावयाची की रोहिदासांचे चरित्र बसवावयाचे, हे आपल्याच हाती आहे. संतशिरोमणी श्रीरोहिदास महाराजांच्या चरणी मस्तक ठेवून व समस्त ज्ञातिबांधवांस सविनय प्रणाम करून हा लेख येथेच पुरा करितो.